प्रति: खुडूक कोंबडीखाली अंडी
खुडूक (अंडी उबवायला बसलेल्या) कोंबडीखाली किती अंडी ठेवायची, या प्रश्नावर वर एकांनी सोळा-सतरा ठेवायला सांगितलंय, पण गावरान कोंबडीला तेवढी झेपत नाहीत. १०-१२ पुरे, कडेची पंखाबाहेर राहून गार पडतात. दुकानातली पांढरी तर नकोतच, लेअर फार्मवर (खायच्या अंड्यांच्या पोल्ट्रीत) कोंबडाच नसतो, मग त्यातून पिल्लू निघणार कुठून! आठवड्याच्या आतली अंडी घ्या आणि सगळी एकाच रात्री अंधारात खाली सरकवा. नाहीतर पिल्लं पुढेमागे निघतात, आणि पहिली चालू लागली की बाई उरलेली अंडी सोडून उठते.

सातव्या दिवशी रात्री बॅटरीवर धरून बघा. शिरांचं जाळं दिसलं तर ठीक, नुसतं आरपार उजळलं तर काढा. टोपलीत थोडी राख भुरभुरा, उवा-पिसवांनी बेजार झालेली कोंबडी टिकून बसत नाही. बाकी २१ दिवस तिचं तिला कळतं. बदकाची ठेवणार असाल तर मात्र २८ धरा.