टाइप करताना रिक्वेस्ट तोडणारा एडिटर: शहाणपणा की आगाऊपणा?

मानकुराद (साखळी)

मुद्दा मांडतो, मग खुशाल भांडा. मी मराठी मजकूर एमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये लिहितो, इनस्क्रिप्ट कीबोर्डने. लिहिताना हात जरा थांबला की पणजीतल्या मित्राच्या सर्व्हरवरून शब्दकोशाच्या सूचना याव्यात, असं छोटं पॅकेज आम्ही दोघांनी केलंय. त्याच्याकडे झकास चालतं. इथे पाऊस लागला की सूचना येतच नाहीत. नेट बंद नसतं, मंद असतं. ब्राउझरमध्ये तोच पत्ता उघडला तर दोनेक सेकंदांत उत्तर हजर.

कारण कळलंय. सगळी रिक्वेस्ट (सर्व्हरला पाठवलेली विचारणा) एमॅक्सच्या ‘व्हाइल-नो-इनपुट’ या आज्ञेत गुंडाळलेली आहे. कळ पडली की एमॅक्स आतलं काम तिथल्या तिथे टाकून बाहेर येतो. ‘म्हापसा’ लिहायला सात कळा: म, हलंत, ह, काना, प, स, काना. मध्ये क्षणभर थांबलो की रिक्वेस्ट सुटते, उत्तर यायच्या आत पुढची कळ पडते, रिक्वेस्ट मरते. परत थांबलो की परत तेच. वर एचटीटीपीचे बफर (वेबवरचं उत्तर उतरवून घ्यायला एमॅक्स उघडतो ती तात्पुरती पानं) साठत जातात. त्यांच्या नावाची सुरुवातच मोकळ्या जागेने होत असल्यामुळे नेहमीच्या यादीत ते दिसतही नाहीत. आणि अधूनमधून ‘रॉंग-टाइप-आर्ग्युमेंट स्ट्रिंगपी टी’ असा एरर तोंडावर.

माझं मत: कळेने नेटवर्कची रिक्वेस्ट तोडणं ही रचनाच वाईट. उत्तर येऊ द्यावं, नको असेल तर फेकून द्यावं.

माटोळी

अजिबात पटत नाही. एडिटरचं पहिलं काम माझी कळ पडद्यावर उमटवणं, बाकी सगळं नंतर. संगणक वापरायला सोपे कसे करावेत याचे अभ्यासक याकोब निल्सन यांनी १९९३ मध्येच लिहून ठेवलंय की ०.१ सेकंदाच्या आत प्रतिसाद आला तरच माणसाला ‘लगेच झालं’ असं वाटतं. तुमची रिक्वेस्ट दोन सेकंदांची. ते वेष्टण काढलंत तर दोन सेकंद पडदा गोठेल आणि मग सातही अक्षरं भसकन येऊन पडतील.

एमॅक्सचं लिस्प (त्याची आतली प्रोग्रामिंग भाषा) एका वेळी एकच काम करतं. २०१८ च्या २६व्या आवृत्तीत थ्रेड (कामाचे वेगवेगळे धागे) आले खरे, पण तेही आपापसांत पाळी लावून चालणारे. तेव्हा कळ जिंकलीच पाहिजे. सूचना नाही आली तर नाही आली, शब्द तुम्हाला येतोच की!

वाळपईचा पाऊस

विम हा दुसरा एडिटर वापरा. २०१६ मध्ये आठव्या आवृत्तीत मागच्या मागे कामं चालवणारे जॉब आणि चॅनल आले, तेव्हापासून आम्ही निवांत आहोत.

मानकुराद (साखळी)

आलास? तुझीच वाट बघत होतो रे.

फर्मागुडीचा चढ

मानकुराद बाब, मतं राहू देत, आधी बग बघू. त्या एररमधला ‘टी’ कुठून आला ते सांगतो.

‘व्हाइल-नो-इनपुट’ कळ आल्यामुळे सुटलं तर ‘टी’ (लिस्पमधलं ‘हो’) परत देतं, तुम्ही कंट्रोल-जी दाबून काम थांबवलंत तर ‘निल’ (‘नाही’). तुमच्या कोडमध्ये बहुतेक ‘निल नाही म्हणजे उत्तर आलं’ असं गृहीत धरलंय. मग तो ‘टी’ जेसन (सर्व्हरच्या उत्तराचा साचा) वाचणाऱ्या फंक्शनच्या हातात पडतो. त्याला हवी असते स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, म्हणून ते ओरडतं.

बफर साठण्याची गोष्ट जास्त गमतीची. कळेमुळे होणारी सुटका हा ‘थ्रो’ (थेट बाहेर उडी) असतो, ‘सिग्नल’ (चूक झाल्याची हाक) नसतो. म्हणून चुका पकडणारं ‘कंडिशन-केस’ लावून, त्यात ‘क्विट’ जरी लिहिलंत, तरी ती पकडली जात नाही. ‘डिबग-ऑन-क्विट’ चालू करून बसलात तरी डिबगर उघडत नाही. माणूस डोकं धरून बसतो, कारण लॉगमध्ये काहीच नाही आणि काम मात्र अर्ध्यावर गायब. फक्त ‘अनवाइंड-प्रोटेक्ट’मधला साफसफाईचा भाग चालतो. बफर मारणं, प्रोसेस बंद करणं, हे सगळं तिथेच हवं. खाली साध्या ओळीत लिहिलं असेल तर त्या ओळीपर्यंत गाडी पोचतच नाही.

तपासायला पावसाची गरज नाही. पायथनमध्ये छोटा सर्व्हर उघडा, उत्तर देण्याआधी त्याला दोन सेकंद झोपवा, एमॅक्सचा रोख तिकडे वळवा आणि टाइप करत सुटा. ‘यूआरएल-डिबग’ला ‘टी’ दिलंत की काय गेलं, काय आलं ते ‘यूआरएल-डिबग’ नावाच्या बफरमध्ये दिसेल.

आता वादाचं. तुम्ही दोघं दोन वेगळ्या गोष्टी एकच समजून भांडताय. रायबंदरच्या धक्क्यावर थांबायचा कंटाळा येऊन मी पुलाकडे वळलो म्हणून चोडणहून सुटलेली फेरी नदीतून माघारी फिरत नाही. कळेने वाट बघणं सोडावं, रिक्वेस्ट चालू राहावी. वेबवरून मजकूर आणणाऱ्या ‘यूआरएल-रिट्रीव्ह’ला कॉलबॅक (उत्तर आल्यावर चालवायचं फंक्शन) द्या. उत्तर आलं की कर्सरखाली अजून तोच शब्द आहे का ते बघा, नसेल तर सोडून द्या. (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधण्याचा टप्पा काही मशीनवर तरीही अडवतो, पण तो निराळा भोग.)

माटोळी

वाट आणि रिक्वेस्ट वेगळी, हे मान्य. पण ‘चालू राहावी’ कशासाठी? मंद नेटवर पाच जुनी उत्तरं रांगेत आणि हवं असलेलं सहावं त्यांच्या मागे. शिळी रिक्वेस्ट रद्दच व्हायला हवी. एडिटर आणि सूचना देणारा सर्व्हर यांनी कसं बोलायचं ते ठरवणाऱ्या लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलमध्ये रद्द करायचा वेगळा संदेश आहेच. व्हीएस कोड हा एडिटरही सूचना देणाऱ्या प्रत्येक एक्स्टेन्शनच्या हातात रद्द झाल्याचं कळवणारं टोकन देतो. एवढी मंडळी वेडी नाहीत.

मानकुराद (साखळी)

त्या प्रोटोकॉलचीच पुढची अट वाचा. रद्द केलेल्या रिक्वेस्टलाही सर्व्हरने उत्तर द्यायलाच हवं, हवं तर ‘रद्द’ असा एरर, क्रमांक उणे ३२८००. लोंबकळत ठेवायची नाही. म्हणजे तिथेही दोन्ही बाजूंना काय झालं ते कळतं. माझ्या कळेने जे होतं ते नुसतं पळून जाणं.

शिवाय एमॅक्सचं ‘यूआरएल’ पॅकेज बोलतं एचटीटीपी १.१. त्यात रद्द करायचा संदेशच नाही, कनेक्शन तोडायचं एवढंच. एचटीटीपी २ मध्ये एकच स्ट्रीम बंद करता येते, इथे ती सोय नाही. तोडलं की पुढच्या वेळी सर्व्हरपर्यंत जाऊन येणाऱ्या फेऱ्या नव्याने: कनेक्शन जोडायला टीसीपीची एक, ते सुरक्षित करायला टीएलएस १.३ ची आणखी एक, १.२ असेल तर दोन. नेट जितकं मंद, तितकी प्रत्येक फेरी महाग. म्हणजे तुमचा उपाय इथे आमच्या साखळी गावात सगळ्यात महाग पडतो. पणजीतल्या फायबरवर बसून हे जाणवायचं नाही.

मांडवीपार

मी प्रोग्रामर नाही, छापखान्यात मजकूर लावते. मानकुराद बाबांचं पॅकेज वापरते म्हणून दोन गोष्टी.

एक, पाय मोडलेल्या ‘म’वर रिक्वेस्ट जातेच कशाला? ‘म्’ने काय शोधणार? शेवटचं चिन्ह हलंत असेल तर थांबा, अक्षर पुरं होऊ दे. निम्म्या रिक्वेस्टी तिथेच वाचतील.

दुसरी जास्त महत्त्वाची. इथले शब्द शब्दकोशात नसतात म्हणून मी घालते. ‘माटव’ घातला आणि लगेच पुढे टाइप करायला लागले. पडद्यावर काहीच आलं नाही, म्हणून परत घातला. आता तो यादीत दोनदा आहे.

फर्मागुडीचा चढ

बाय, हा खरा बग. शोधताना रिक्वेस्ट तुटली तर परत विचारता येतं, कुणाचं काही बिघडत नाही. शब्द घालताना तुटली तर सर्व्हरने तो घेतला की नाही ते एमॅक्सला कळत नाही. तिथे ‘पोस्ट’ (दरवेळी नवी नोंद) ऐवजी ‘पुट’ (त्याच पत्त्यावरची नोंद लिही) हवं, आणि शब्दच पत्त्यात. दहा वेळा पाठवला तरी नोंद एकच राहील.

मानकुराद (साखळी)

मित्राला सांगतो, सर्व्हर त्याच्याकडे आहे. शब्द घालण्याचा भाग आज रात्रीच ‘व्हाइल-नो-इनपुट’च्या बाहेर काढतो, हलंताची अट पण घालतो. देव बरें करूं, बाय.

माटोळी

शब्द घालणं कळेने तुटू नये, हे मलाही मान्य. सूचनांच्या बाबतीत मात्र मी हटत नाही. कॉलबॅक ठेवा, पण एका वेळी एकच रिक्वेस्ट बाहेर राहू दे. ती परत येईपर्यंत बाकीच्यांतला फक्त शेवटचा शब्द लक्षात ठेवा. नाहीतर मी माझ्या मशीनवर ते वेष्टण परत घालणार.

वाळपईचा पाऊस

आणि वीज गेली की सगळेच रद्द.