कपॅसिटरला सॉकेट हवं
मुलांच्या सौर मोटर किटचे सौर पॅनेल, ट्रिगर (साठलेली वीज पुरेशी झाली की मोटरला एकदम सोडणारं सर्किट) आणि मोटर असे तीन वेगळे तुकडे करायची कल्पना मनापासून पटली. फक्त कपॅसिटर, म्हणजे ती वीज साठवणारा भाग, ट्रिगरच्या बोर्डावर कायमचा सोल्डर करू नका, त्याला सॉकेट द्या. ४७०० मायक्रोफॅरड क्षमतेच्या कपॅसिटरमध्ये ३ व्होल्टला जेमतेम २१ मिलिज्यूल साठतात, म्हणजे मोटरला एक छोटा झटका. १०,०००चा लावला की झटका लांबतो, पण पुढच्या झटक्याची वाटही दुपटीहून जास्त बघावी लागते. हे मुलांना स्वतः अदलाबदल करून पाहता आलं पाहिजे, मला तर किटमधली खरी मजा तिथेच वाटते! मेमरी बॅकअपचे नाण्याएवढे सुपरकपॅसिटर (खूप मोठ्या क्षमतेचे कपॅसिटर) मात्र टाळा. त्यांचा अंतर्गत रोध बहुधा इतका जास्त असतो की मोटर नुसती थरथरते. आणि हो, कनेक्टर उलटे बसणारच नाहीत असे घ्या.