लाल-हिरव्या रेघांवर किती भिस्त ठेवायची?

वाटसरू

परवा एका पाहुण्याला स्टेशनवर सोडायचं होतं. फोनवरच्या नकाशाने निघताना ३५ मिनिटं सांगितली. अर्ध्या वाटेत पडद्यावर करडी रेघ उमटली, "७ मिनिटं वाचतील". मुख्य रस्ता पुढे लालभडक दिसत होता, म्हणून मोह झाला आणि आत वळलो. गल्ली जेमतेम दीड गाडीची. माझ्यापुढे आठ गाड्या, आणि पुढच्या दोघांच्या काचेतून दिसत होतं की त्यांच्या फोनवरही हीच वाट आहे. समोरून एक ट्रक आला. मग कुणी मागे घ्यायचं यावर चर्चासत्र. वीस-पंचवीस मिनिटांनी बाहेर पडलो, तर वळायच्या आधी माझ्या पुढे असलेली बस स्टेशनवरून माणसं उतरवून परत निघाली होती. पाहुण्याची गाडी चुकली नाही, पण शेवटचे दोनशे मीटर त्यांना बॅग डोक्यावर घेऊन पळावं लागलं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. हा नकाशा घरातून आत्ता निघावं की तासाभराने, एवढं ठरवण्यापुरता बरा. वाटेत तो सांगेल तिथे वळायचं नाही. तो रस्ता दाखवत नाही, मघाशी तिथून गेलेल्यांचा वेग दाखवतो. तुमचा अनुभव काय?

स्टेपनी

साफ असहमत. अठरा वर्षं गाडी चालवून पोट भरतोय. नकाशे नव्हते तेव्हा पुढे काय वाढून ठेवलंय ते ओळखीच्या ड्रायव्हरला फोन करून विचारायचो, आणि तो स्वतःच अडकलेला असला तरच त्याला ठाऊक असायचं. आता पाच किलोमीटर आधी कळतं. सीटवरच्या माणसाला "वीस मिनिटं उशीर होईल" हे आधी सांगता येतं, त्यानेच अर्धी भांडणं टळतात.

तुम्हाला फसलेला एक दिवस आठवतो. साधलेले शंभर दिवस कुणी मोजत नाही. आणि त्या दिवशी मुख्य रस्त्याने किती वेळ लागला असता ते तुम्हाला कुठे माहीत आहे?

वाटसरू

माहीत आहे ना, बस दिसली की!

स्टेपनी

बसला वेगळी मार्गिका आहे का त्या रस्त्यावर?

वाटसरू

...आहे.

मैलाचा दगड

:) वाटसरू, हा मुद्दा गेला तुमचा. पण "मघाशी गेलेल्यांचा वेग" हे वाक्य पटलं. मी बरीच वर्षं वाहतूक मोजणीच्या कामात आहे, म्हणून थोडं सविस्तर.

पूर्वी वेग मोजायला डांबरात तारेची वेटोळी पुरायचो. वरून गाडी गेली की नोंद. अचूक, पण जिथे पुरली तेवढ्याच ठिकाणी. आता प्रत्येक चालू फोन हाच मोजणारा. तो आपली जागा नकाशावाल्या कंपनीला पाठवतो, तिकडे ती जागा जवळच्या रस्त्यावर "बसवली" जाते आणि तिथल्या सगळ्या फोनांवरून त्या तुकड्याचा वेग काढला जातो. पहिली भानगड इथेच. उघड्या आकाशाखाली फोन आपली जागा साधारण ५ मीटर इकडे-तिकडे सांगतो, उंच इमारतींमध्ये त्याहून वाईट. उड्डाणपूल आणि त्याखालचा सेवा रस्ता वरून बघितले तर एकच. मग पुलाखाली तुंबलेल्या गाड्या पुलावरच्या म्हणून मोजल्या जातात, मोकळा पूल लाल दिसतो आणि लोक घाबरून खाली उतरून खरोखरच्या कोंडीत जातात. हे मी पुलाच्या कठड्याशी उभा राहून, हातात फोन धरून पाहिलंय.

दुसरं म्हणजे रंग. त्या रस्त्यावर एरवी जो वेग मिळतो, त्याच्या तुलनेत आत्ता किती मिळतोय ते रंग सांगतो. त्यामुळे महामार्गावरचा नारिंगी आणि गल्लीतला नारिंगी यांची बरोबरी करू नका. महामार्गावर त्या रंगातही गल्लीतल्या हिरव्याच्या दुप्पट वेग असू शकतो.

तिसरं, पोचायची वेळ निव्वळ आत्ताच्या रंगांवरून काढत नाहीत. तीस किलोमीटरवरची कोंडी तुम्ही पोचेपर्यंत सुटेल की वाढेल, याचा अंदाज जुन्या नोंदींवरून त्यात मिसळलेला असतो. म्हणून नकाशा लाल असूनही वेळ कमी दिसते आणि लोकांना वाटतं यंत्र येडं झालंय.

तिरकस काटा

यंत्र येडं होतं हो, करता येतं. २०२० साली सायमन वेकर्ट नावाच्या कलाकाराने बर्लिनमध्ये ९९ जुने फोन एका छोट्या हातगाडीत भरले आणि रिकाम्या रस्त्यावरून ती रमतगमत ओढत नेली. गूगलच्या नकाशावर हिरवा रस्ता लाल. त्याच्याही आधी, २०१४ मध्ये, इस्रायलच्या टेक्निऑन या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी वेझ या नकाशाच्या ॲपवर हजारो खोटे चालक सोडून नसलेली कोंडी उभी केली होती. आणि आपण यावर विश्वास ठेवून वळणं घेणार!

स्टेपनी

रोज किती हातगाड्या भेटतात तुम्हाला, फोन भरलेल्या?

तिरकस काटा

हातगाडी नको, शाळा पुरे. शाळा सुटायच्या वेळी फाटकासमोर पालक पंधरा-वीस मिनिटं गाडीत बसून असतात. गाडी कडेला, फोन चालू. जाणारी गाडी एक, उभे फोन चाळीस.

मैलाचा दगड

उभ्या फोनांना बऱ्यापैकी गाळलं जातं. पण इंच इंच पुढे सरकणारी रांग गाळणं अवघड, हे खरं. दुचाकीचंही तसंच. दुचाक्या फटीतून निघून जातात आणि गाड्या तिथेच. त्या हातगाडीच्या प्रकारानंतर गूगलने सांगितलं होतं की भारत, इंडोनेशिया, इजिप्त अशा काही देशांत ते कार आणि मोटरसायकल वेगळ्या ओळखतात. हातगाडी मात्र ओळखत नाहीत, हेही त्यांनी मिश्कीलपणे कबूल केलं.

पायवाट

तुम्ही सगळे स्टिअरिंगच्या मागून बोलताय. मी त्या "७ मिनिटं वाचतील" गल्लीत राहते. (वाटसरूंचीच असं नाही, पण तसलीच.) चार वर्षांपूर्वी संध्याकाळी मुलं रस्त्यावर चेंडू खेळायची. आता सहा वाजले की अनोळखी गाड्यांची रांग, आणि प्रत्येकाला घाई, कारण फोनने त्याला मिनिटं कबूल केलेली असतात. वेग कमी करा म्हटलं की उत्तर येतं, "मॅपने इकडून पाठवलंय". जणू सरकारी हुकूमच.

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या लिओनिया या छोट्या गावाने २०१८ मध्ये वैतागून गर्दीच्या वेळी सुमारे ६० रस्ते बाहेरच्यांना बंद केले होते. कोर्टात ते टिकलं नाही. पण वैताग समजू शकते.

स्टेपनी

ताई, रस्ता सगळ्यांचा असतो. तुम्हीही दुसऱ्यांच्या गल्लीतून जात असालच.

पायवाट

जाते. पण ती गल्ली मला माहीत असते म्हणून, आणि हळू जाते. हजार जणांना एकाच क्षणी एकच आडवाट सांगणं वेगळं. पूर्वी आडवाट माहीत असायला तिथे राहावं लागायचं.

आकडेमोड

पायवाट यांच्या बोलण्यात गणित दडलंय. १९६८ साली डिट्रिश ब्रेस या जर्मन गणितज्ञाने ते मांडलं. समजा ४००० गाड्यांना एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचंय. दोन मार्ग. दोन्हींत एक तुकडा रुंद, तिथे कितीही गाड्या असोत, ४५ मिनिटं. एक तुकडा अरुंद, तिथे गाड्यांची संख्या भागिले १०० इतकी मिनिटं. एका मार्गावर अरुंद तुकडा आधी, दुसऱ्यावर नंतर. गाड्या निम्म्या-निम्म्या वाटल्या गेल्या की प्रत्येकाला २० + ४५, म्हणजे ६५ मिनिटं. आता मधून एक आडवाट काढा, इतकी छोटी की वेळ शून्य, आणि तिने दोन्ही अरुंद तुकडे जोडा. अरुंद तुकडा फार तर ४० मिनिटांचा, रुंद ४५ चा, म्हणून प्रत्येक शहाणा माणूस दोन्ही अरुंद तुकड्यांतून जाणार. सगळेच शहाणे, त्यामुळे ४० + ४० = ८०. वाट वाढली आणि प्रत्येकाची १५ मिनिटं गेली. एकट्याने जुना मार्ग धरला तर त्याला ८५, म्हणून कुणी मागेही फिरत नाही.

स्टेपनी

पण १९६८ ला फोन कुठे होते? म्हणजे दोष नकाशाचा नाही, माणसाचाच.

आकडेमोड

मान्य. पण तेव्हा निम्म्यांना आडवाट ठाऊकच नसायची. ते अज्ञान बाकीच्यांच्या पथ्यावर पडायचं.

स्टेपनी

म्हणजे मी अडाणी राहावं, तुम्हाला लवकर पोचता यावं म्हणून. छान!

आकडेमोड

:) तसं नव्हे. जाता जाता, अचूकतेबद्दल एक. गूगलने २०२० मध्ये म्हटलं होतं की ९७ टक्क्यांहून जास्त प्रवासांत त्यांचा वेळेचा अंदाज बरोबर येतो. "बरोबर" म्हणजे किती मिनिटांच्या आत, हे ज्याने त्याने ठरवायचं. आणि रोजच्या त्याच रस्त्याने, त्याच वेळी जाणाऱ्याला अंदाज हवाच कशाला? उरलेल्या तीन टक्क्यांत अपघात, पाणी तुंबणं, मिरवणूक. नेमकी गरज असते ते दिवस तेच.

स्टेपनी

उलट. अपघाताच्या दिवशीच तर मला तो लागतो. दहा मिनिटांत लाल होतो.

वाटसरू

लाल होतो तो कोंडीचा रस्ता. पर्याय म्हणून जो हिरवा सुचवतो तो हिरवा का आहे, ते त्याला कुठे कळतं? अमेरिकेत डेन्व्हरजवळ २०१९ मध्ये हेच झालं. विमानतळाच्या रस्त्यावर अपघात, नकाशाने वळण सुचवलं, आणि शंभरेक गाड्या चिखलाच्या कच्च्या वाटेवर रुतल्या. डिसेंबर २०१७ मध्ये लॉस एंजेलिसला वणवे पेटले तेव्हा तर पोलिसांनी लोकांना सांगितलं की असली ॲप वापरू नका, कारण ती मोकळे रस्ते दाखवत होती आणि ते मोकळे होते आगीमुळे.

मैलाचा दगड

हा मात्र बिनतोड मुद्दा. ज्या रस्त्यावर फोनच नाही, तिथे मोजायला काही उरत नाही. मग जुन्या सवयीचा वेग धरला जातो. कुणी तरी "रस्ता बंद" अशी नोंद करेपर्यंत भुयारी मार्गात कमरेएवढं पाणी असलं तरी नकाशाला तो रिकामा आणि छान. म्हणून माझा स्वतःचा नियम असा की लाल दिसलं तर विश्वास ठेवतो, कारण ते कुणी तरी तिथे अडकून सांगितलेलं असतं. हिरवं दिसलं तर खिडकीबाहेर बघतो. आणि दहा मिनिटांहून कमी वाचत असतील तर वळत नाही.

स्टेपनी

दहा? मी पाचलाही वळतो. पण गल्लीत नाही, हेही सांगून टाकतो. ट्रक समोर आला की पाचाचे पंचवीस होतात, ते मला वाटसरूंच्या आधीपासून माहीत आहे.

पायवाट

मग भांडत कशाला होतात इतका वेळ?

स्टेपनी

तुम्ही नकाशाला नावं ठेवत होता म्हणून.

वाटसरू

असो. उद्या सकाळी आठला तेच पाहुणे परत येणार आहेत. आत्ता नकाशा बघितला, सगळा हिरवागार. रात्रीचे अकरा वाजलेत, असणारच.

मैलाचा दगड

अहो, निघायची वेळ बदलून बघा. उद्याची सातची टाका.

वाटसरू

सापडलं. "४० ते ६५ मिनिटं" म्हणतोय. मी कुठला आकडा धरू?

स्टेपनी

६५. आणि बसच्या मागे राहा.