कौलारू घराच्या माळ्यावर बुरशी: एक्झॉस्ट फॅन लावावा का?

प्रश्न (खानापूर): मंगळुरी कौलांचं जुनं घर, माळा २४ × १५ फूट. खाली पीव्हीसी सीलिंग केल्यापासून पावसाळ्यात वाशांवर काळी बुरशी धरतेय, कुबट वास येतो. फॅन लावू का?

उत्तर १: फॅन आत्ता नको. हवा आत यायला वाट नसेल तर तो सीलिंगच्या फटींतून स्वयंपाकघरातली वाफच वर ओढेल. आधी कौलांच्या फटींतून घर श्वास घेत होतं, सीलिंगने ती वाट अडवली. कौलांखाली प्लास्टिक अंथरलंय का, तेही बघा; असेल तर आढ्यापाशी दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच कापा.

हिशेब असा: माळ्याच्या क्षेत्रफळाच्या १/१५० इतकी हवेची वाट धरायची; ३६० चौरस फुटांना म्हणजे २.४ चौरस फूट मोकळी वाट, निम्मी खाली, निम्मी वर. दोन्ही वळचणींना भिंतीच्या माथ्यावर पाऊण इंच सलग फट ठेवा, स्टीलची जाळी ठोका. जाळी आणि वासे बरीच जागा खातात, म्हणून फट यापेक्षा बारीक करू नका. वर दोन्ही त्रिकोणी भिंतींत सव्वा फूट चौरस झरोका.

उत्तर २: पश्चिमेच्या झरोक्याला खाली झुकलेल्या पट्ट्या आणि वर छज्जा हवाच, आपल्याकडचा पाऊस आडवा मारतो. बाथरूमच्या फॅनचा पाइप माळ्यात सोडला असेल तर आधी तो बाहेर काढा. वाशाची टोकं भिंतीत शिरतात तिथे स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. सहज रुतला तर लाकूड कुजलंय, सुताराला बोलवा. नुसती बुरशी असेल तर ब्रशने घासा, मास्क लावून.