भाषेचा बहाणा म्हणे!

सातपुडावाला
काल एका साहेबांनी लिहिलं : "मेळघाटात दवाखाने आहेत, औषधं आहेत, १०८ आहे. तरी लोक भूमकाकडेच, म्हणजे गावच्या वैदूकडेच, जातात. आता म्हणे डॉक्टरांनी तिथल्या आदिवासींची कोरकू भाषा शिकावी! महाराष्ट्रात राहता ना, मराठी शिका. भाषा हा निव्वळ बहाणा." त्याखाली वाहवाची रांग लागली. एवढं वाचून गप्प बसवेना.

साहेब, डॉक्टरांनी कोरकू शिकावी असं म्हणतंय कोण? वर्षभराच्या सक्तीच्या सरकारी सेवेच्या बॉण्डवर आलेला डॉक्टर पोरगा काय डोंबल शिकणार! आणि कोरकू ही मराठीची बोली नाही. मुंडारी-संथाळीच्या कुळातली भाषा आहे ती. सावकाश आणि मोठ्याने मराठी बोललं की समोरच्याला कळतं, हा समज आधी सोडा.

धारणी-चिखलदऱ्याच्या बाजारात पुरुष मोडक्यातोडक्या हिंदी-मराठीवर निभावून नेतो. घरच्या बाईला तेवढीही सवय नसते, म्हणून ओपीडीत तिच्या वतीने दीर बोलतो. माझ्या डोळ्यांदेखतची गोष्ट. बाईला सातवा महिना, पायावर सूज. सिस्टरने विचारलं, "अंगावरून काही जातं का?" दिराने तिच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "नाही जी." कसं विचारेल तो वहिनीला? रजिस्टरला 'नाही' लागलं आणि पुढचा नंबर पुकारला.

मागणी एवढीच आहे की प्रत्येक पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, कोरकू बोलणारी एक बाई पगारावर ठेवा, दुभाषी म्हणून. सध्या आमच्याकडे हे काम ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर करतो, फुकटात. तो रेफर केस घेऊन अमरावतीला गेला की ओपीडी मुकी.

स्पष्टवक्ता
ते साहेब मीच. एका दिरावरून धोरण ठरवायचं का? आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येला एक पीएचसी हा निकष, तोही कागदावर. आधी डॉक्टर भरा, मग दुभाष्याचे लाड करा. आणि गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्या, आशा, कशाला नेमल्या २००५ पासून? आशा पाड्यावरचीच असते, भाषा तिला येते. मग नवं पद कशाला?

आशाची_लेक
आलंच शेवटी आशांवर! माझी आई आशा आहे. गरोदर बायांची नोंद तिने करायची, लसीकरणाला पोरं तिने गोळा करायची, टीबीचा सर्व्हे तिचा, कुष्ठरोगाचा तिचा, रात्री-बेरात्री बाळंतिणीसोबत जायचं तिने. वर मोबदला कामावर आधारित, आणि तोही महिनोन्महिने थकलेला. ती दिवसभर तुमच्या ओपीडीत दुभाषी म्हणून बसली तर पाड्यावर तुम्ही जाणार आहात का?

स्पष्टवक्ता
ताई, आशांच्या मानधनाचा वेगळा धागा काढा.

आशाची_लेक
नाव तुम्ही काढलंत, मी नाही.

बॉण्डवाला
"आधी डॉक्टर भरा" म्हणणं सोपं आहे हो. मी आलो होतो. क्वार्टरच्या दाराला कडी नाही, पावसात दोन-दोन दिवस लाइट नाही, आणि बालमृत्यू झाला की नोटीस मला. बॅचमधली निम्मी पोरं १० लाख दंड भरून बॉण्डमधून मोकळी झाली आणि आता पीजी करताहेत. जो आला तो गाढव ठरला.

स्पष्टवक्ता
करदात्यांच्या पैशावर शिकायचं आणि वर्षभराची सेवा नको! १० लाख नाही, ५० लाख करा दंड.

बॉण्डवाला
५० करा की. मग ज्याच्या बापाकडे ५० आहेत तो सुटेल आणि शेतकऱ्याचा पोरगा तेवढा अडकेल. तुम्ही स्वतः कधी उपकेंद्रावर रात्र काढली आहे का? नसेल तर हे फुकटचे सल्ले बंद करा.

स्पष्टवक्ता
हे वैयक्तिक होतंय.

बॉण्डवाला
'बहाणा' हा शब्द वैयक्तिक नव्हता का? तिथल्या प्रत्येक बाईला लागला तो.

जुनाजाणता
बॉण्डवर भांडत बसलात, मूळ मुद्दा राहिला बाजूला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग या दाम्पत्याने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. १९९९ च्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलंय : ३९ गावं, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. बाहेरून कोणी आणून बसवलं नव्हतं.

बॉण्डवाला
काका, त्या बायका जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यायच्या. सेप्सिस, म्हणजे रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, गोड बोलण्याने बरा होत नाही.

जुनाजाणता
नाहीच होत. पण बाळंतिणीच्या खोलीत सुई घेऊन शिरू कोणाला देतात? तुला देतील?

बॉण्डवाला
...मला नाही देणार. बरं, हे मान्य. पण इंजेक्शनचं श्रेय इंजेक्शनला द्या.

सातपुडावाला
भूमकाचं राहिलं. पोराच्या पोटावर गरम सळईचे चटके देतात, डंबा म्हणतात त्याला, त्याचं समर्थन कोणीच करत नाही. पण लोक तिथे पहिल्यांदा का जातात? तो बसवतो, ऐकून घेतो, आजीलाही चार प्रश्न विचारतो. आपल्याकडे रजिस्टर आधी. माहेरघर योजनेचंही तेच. गरोदर बाईला बाळंतपणाच्या आठवडाभर आधी दवाखान्यात येऊन राहा म्हणायचं, आणि राहिल्यावर तिच्याशी दिवसभर बोलायला कोणी नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी निघून जाते.

स्पष्टवक्ता
ठीक आहे बाबा, नेमा दुभाषी! अकरा महिन्यांची कंत्राटी, त्यात सरपंचाची भाची, आणि तिला कोरकू येते की नाही हे तपासणार कोण? तर मराठी मीडियमचा अधिकारी. पेसा या आदिवासी भागांच्या कायद्याखालच्या स्थानिक भरतीत एएनएमची, म्हणजे उपकेंद्राच्या नर्सची, पदं आहेत, ती कोर्टात अडकली तेव्हा तुमचं हे पद कोण काढणार होतं?

सातपुडावाला
कंत्राटी चालेल. मुलाखत पाड्यावरच्या तीन म्हाताऱ्यांसमोर घ्या, तपासणीचा प्रश्न मिटतो. फक्त बारावी पासची अट घालू नका.

स्पष्टवक्ता
म्हणजे रजिस्टर कोण भरणार?

आशाची_लेक
माझी आई. अजून कोण!