नाशिकचे पंधरा तालुके : गरिबीची तुलना कोणत्या आकड्यांवर करावी?

गोदाकाठ : नीती आयोगाच्या बहुआयामी गरिबी (आरोग्य, शिक्षण, राहणीमान मिळून मोजलेली) अहवालात जिल्हावार आकडे आहेत. पण सधन निफाड आणि आदिवासी सुरगाण्याला एकच टक्केवारी लावायला मन धजत नाही. तालुकावार तक्ता करायचाय. आकडे कुठले घेऊ?

घाटमाथा : त्या अहवालातून तालुका निघणार नाही. मूळ सर्वेक्षण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचं (२०१९-२१), नमुना जिल्ह्यापुरता. जिल्ह्यात ९००च्या आसपास घरं धरा, म्हणजे तालुक्याला साठ. तीही दोन-तीन गावांत एकगठ्ठा.

जिल्ह्यांचा क्रमसुद्धा जपून लावा. ९०० घरं, गरिबी १० टक्के, एकगठ्ठा नमुन्यामुळे विचरण (आकड्यांचा पसारा) दुप्पट धरलं तर चूक अधिक-उणे २.८ टक्के-अंकांची. दोन जिल्ह्यांमधल्या फरकाला जवळपास ४. मग ८ टक्केवाला १० टक्केवाल्याच्या 'पुढे' कसला?

तालुक्यासाठी २०११ची सामाजिक, आर्थिक व जात जनगणना घ्या. जुनी आहे, पण घर न् घर मोजलेलं आहे.

वरकस : घ्या, पण 'किमान एक निकष लागू' हा रकाना वापरू नका. वंचिततेच्या सात निकषांतला (डी-१ ते डी-७) डी-५ म्हणजे अनुसूचित जाती-जमातीचं घर. मोटारसायकल किंवा सरकारी नोकरी असलेली घरं आधीच वगळलेली असतात. उरलेल्यांतल्या प्रत्येक आदिवासी घराला डी-५ लागतो. सुरगाणा-पेठला तो रकाना गरिबीपेक्षा आदिवासी लोकवस्तीच सांगतो.

डी-१ (एकच खोली, कच्च्या भिंती, कच्चं छप्पर) आणि डी-६ (पंचविशीवरचं कोणी साक्षर नाही) वेगवेगळे मांडा. भागायचं एकूण ग्रामीण घरांनी. डी-७, म्हणजे भूमिहीन मजूर, उलटा फसवतो : डोंगरात तुकडाभर वरकस (हलकी) जमीन असली की लागत नाही, मग घरातली माणसं द्राक्षछाटणीला दिंडोरीत का असेनात.

तक्तेवाला : तक्त्यांची जोडणी तालुक्याच्या नावावर नको, कोडवर करा. लोक सटाणा म्हणतात, यादीत बागलाण असतं. तालुक्याचा जनगणना कोड पाच अंकी, सुरुवातीला शून्य; एक्सेल ते शून्य गिळतं. फाइल आत घेतानाच रकाना 'टेक्स्ट' ठेवा.

कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६च्या फेरीशी जिल्हे ताडणार असाल तर पालघर सापडणार नाही. जिल्हा २०१४चा, पण त्या फेरीचा नकाशा २०११च्या जनगणनेचा. तिथला ठाणे पालघरसकट आहे.

गोदाकाठ : आणि नाशिक तालुका? बरीचशी वस्ती महापालिकेत.

वरकस : हे निकष ग्रामीण घरांचेच, म्हणून त्या ओळीत फक्त हद्दीबाहेरची खेडी. मालेगावचंही तेच, यंत्रमागाच्या वस्त्या त्यात नाहीतच. रकान्याच्या डोक्यावर 'ग्रामीण' लिहा, नाहीतर मालेगावकर पहिल्याच प्रतिसादात धरतील.