‘सिंग्ज गुड’ आणि ‘लुक्स ब्यूटिफुली’: दोन उलट चुकांवर एकच उपाय आहे का?

खानापूर_शिकवणी
दहावीच्या शिकवणीत मराठी आणि कन्नड माध्यमाची मुलं एकत्र बसतात. इंग्रजीत दोघांच्या चुका मात्र बरोबर उलट्या. मराठी माध्यमवाले लिहितात ‘शी सिंग्ज गुड’, ‘ही राइट्स नीट’. कन्नड माध्यमवाले ‘सिंग्ज वेल’ अचूक लिहितात आणि पुढच्याच ओळीत ‘शी लुक्स ब्यूटिफुली’, ‘द फूड टेस्ट्स डिलिशसली’. नामाबद्दल सांगतं ते अ‍ॅडजेक्टिव्ह, क्रियापदाबद्दल सांगतं ते अ‍ॅडव्हर्ब, ही व्याख्या दोघांनाही पाठ आहे. तरी ‘लुक्स हे क्रियापदच आहे की, मग एल-वाय का नको?’ असं विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. दोघांना चालेल अशी एखादी कसोटी सांगा की. ‘हार्ड’ आणि ‘हार्डली’चा घोळ आहे तो वेगळाच.

वडगाव_इंग्रजी
व्याख्या अपुरी आहे एवढंच. क्रियापदाच्या शेजारी बसलेला शब्द क्रियापदाचाच असतो असं नाही. ‘शी लुक्स ब्यूटिफुल’ यात सुंदर कोण? ती. दिसण्याची क्रिया नव्हे.

खरी अडचण पाच क्रियापदांची: लुक, फील, स्मेल, टेस्ट, साउंड. इंग्रजीत ही दोन्ही पाळ्या करतात. मराठीत त्या कामांना वेगवेगळी क्रियापदं आहेत, म्हणून आधी मराठीत विचारायचं. लुक म्हणजे इथं दिसणे की पाहणे? टेस्ट म्हणजे चव लागणे की चाखणे? स्मेल म्हणजे वास येणे की हुंगणे? फील म्हणजे वाटणे की चाचपणे? पहिला अर्थ निघाला तर अ‍ॅडजेक्टिव्ह, दुसरा निघाला तर अ‍ॅडव्हर्ब. कुंदा गोड लागतो: ‘द कुंदा टेस्ट्स स्वीट’. तिनं कुंदा जपून चाखला: ‘शी टेस्टेड द कुंदा केअरफुली’. साउंडचं तसंच. आवाज विचित्र येतो तर ‘इट साउंड्स स्ट्रेंज’, हॉर्न जोरात वाजवला तर ‘ही साउंडेड द हॉर्न लाउडली’. कन्नड माध्यमाच्या मुलांनाही हे लगेच पटतं, कारण त्यांच्याकडे ‘काणु’ (दिसणे) आणि ‘नोडु’ (पाहणे) वेगळे आहेतच.

पुस्तकांत दिलेली कसोटी अशी की क्रियापद काढून ‘इज’ किंवा ‘वॉज’ घाला, अर्थ टिकला तर अ‍ॅडजेक्टिव्ह. सीम, बिकम, रिमेन, स्टे, टर्न यांना ती छान लागू पडते: ‘द लीव्ह्ज टर्न्ड यलो’, ‘स्टे काम’. पण तिच्यावर एकटीवर विसंबू नका. ‘ही लुक्ड अँग्रिली अ‍ॅट द क्लार्क’ घ्या. ‘वॉज’ घातलं तर ‘ही वॉज अँग्री अ‍ॅट द क्लार्क’ हे वाक्यही ठीक वाटतं आणि मुलगा ‘अँग्री’ लिहून मोकळा होतो. इथं तो क्लार्ककडे पाहतोय, नुसता दिसत नाही. पुढे ‘अ‍ॅट’ आलं की लुक म्हणजे पाहणे, एवढी खूण सांगून ठेवा.

‘ग्रो’सुद्धा दुतोंडी आहे. ऊस भराभर वाढला तर ‘द केन ग्रू रॅपिडली’. म्हातारा झाला तर ‘ही ग्रू ओल्ड’. वाढणे की होणे, हे पाहायचं.

निपाणीकर_व्याकरण
वरचं सगळं मान्य. चुका उलट्या का होतात तेही सांगून टाकतो, म्हणजे उपायही वेगळे करता येतील.

मराठीत ‘तो चांगला गातो’, ‘ती चांगली गाते’. शब्द गाण्याबद्दल सांगतो, पण रूप बदलतो कर्त्याप्रमाणे, अगदी विशेषणासारखं. भूतकाळात तर ‘तिनं गाणं चांगलं म्हटलं’, म्हणजे रूप कर्माप्रमाणे गेलं. ‘छान’, ‘सुंदर’ हे तर दोन्हीकडे जसेच्या तसे. त्यामुळे मराठी मुलाला ‘गुड’ लिहिताना काही खटकतच नाही. पुस्तकी कन्नडात क्रियाविशेषणाला ‘आगि’ लागतं, आणि ते दिसण्यालाही लागतं: ‘सुंदरवागि काणुत्ताळे’ (ती सुंदर दिसते). ‘ऊट चेन्नागिदे’ (जेवण छान आहे) यातही ‘आगि’ आहेच. ते मूल ‘आगि’ दिसलं की एल-वाय चिकटवतं. मात्र इथल्या घरोघरच्या कन्नडात ‘छलो ऐति’ (छान आहे) म्हणतात, तिथं ‘आगि’चा पत्ता नाही. म्हणून या मुलांना भाषांतर करायचं तर बोलीतून करायला सांगा, पुस्तकातून नको.

मराठी मुलांसाठी ‘रीतीने’ घालून बघायचं. ‘ती चांगल्या रीतीने गाते’ जमतं, म्हणून ‘वेल’. ‘ती सुंदर रीतीने दिसते’ जमत नाही, म्हणून ‘ब्यूटिफुल’. ‘लवकर’, ‘उशिरा’ अशा काळाच्या शब्दांना ही युक्ती चालत नाही, पण तिथं मुलं फारशी चुकतही नाहीत.

एक जागा दोन्ही गटांना पाडते: कर्मानंतर येणारं विशेषण. ‘आय फाउंड द पेपर ईझी’ म्हणजे पेपर सोपा वाटला. ‘आय फाउंड द पेपर ईझिली’ म्हणजे हरवलेला पेपर सहज सापडला. दोन्ही वाक्यं शुद्ध, म्हणून ‘चूक सुधारा’मध्ये संदर्भ न देता असा प्रश्न घालणं हा विद्यार्थ्यावर अन्यायच. ‘ही पेंटेड द डोअर ग्रीन’, ‘कीप द विंडो ओपन’ हीही याच घरची. काम झाल्यावर वस्तू कशी झाली किंवा राहिली हे सांगायचं असेल तर अ‍ॅडजेक्टिव्ह. काम कसं केलं हे सांगायचं असेल तर ‘ही पेंटेड द डोअर केअरफुली’.

खानापूर_शिकवणी
दिसणे-पाहणे उद्याच फळ्यावर घेतो. ‘आय फील गुड’ आणि ‘आय फील वेल’ दोन्ही दिसतात, त्याचं काय? आणि ‘फील बॅडली’?

वडगाव_इंग्रजी
दोन्ही बरोबर, कारण तिथलं ‘वेल’ अ‍ॅडव्हर्ब नाहीच. तब्येत बरी या अर्थाचं ते अ‍ॅडजेक्टिव्ह आहे. ‘फील वेल’ म्हणजे प्रकृती ठीक. ‘फील गुड’ म्हणजे सहसा मन प्रसन्न. वाईट वाटलं तर ‘आय फील बॅड’. ‘फील बॅडली’ बोलण्यात ऐकू येतं, पण परीक्षेत ‘बॅड’च लिहायला लावा.

शहापूर_टिपणवही
हार्डलीचं राहिलं. एल-वाय लावल्यावर अर्थच पालटतो असे थोडेच शब्द आहेत, ते सरळ पाठ करून घ्या. ‘ही वर्क्स हार्ड’ म्हणजे कष्ट करतो, ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे जेमतेमच काम करतो. नोकरीच्या अर्जात ‘आय वर्क हार्डली’ लिहिलं की संपलंच! हार्डलीत नकार आधीच आहे, म्हणून त्याच्यासोबत ‘नॉट’ नको. ‘लेट’ उशिरा, ‘लेटली’ अलीकडे. ‘निअर’ जवळ, ‘निअरली’ जवळजवळ. ‘हाय’ उंच, ‘हायली’ अतिशय. ‘फास्ट’ला एल-वाय लागतच नाही, ‘फास्टली’ खोडून टाका.

उलट बाजूनं फ्रेंडली, लव्हली, लोनली, कॉस्टली, सिली ही शेवटी एल-वाय असूनही अ‍ॅडजेक्टिव्हच. ‘ही स्पोक फ्रेंडली’ चूक, ‘ही स्पोक इन अ फ्रेंडली वे’ बरोबर. डेली, वीकली, अर्ली दोन्हीकडे चालतात.

स्पेलिंगचे गुण फुकट जातात तेही बघा. हॅपीचा वाय जाऊन आय येतो. जेंटलचा शेवटचा ई वाय होतो. ट्रूचा ई गळतो. बेसिकसारख्या आय-सीने संपणाऱ्या शब्दांना ए-एल-एल-वाय लागतं, पण पब्लिकला नुसतं एल-वाय.

मुलं घाटरस्त्यावरची ‘ड्राइव्ह स्लो’ची पाटी दाखवून वाद घालतील. ती चूक नाही. ‘स्लो’ हे अ‍ॅडव्हर्ब म्हणूनही जुनं आहे, पाटीवर आणि बोलण्यात सर्रास चालतं. उत्तरपत्रिकेत मात्र ‘ही ड्राइव्ह्ज स्लोली’ लिहिलेलं बरं, तपासणाऱ्याशी वाद घालायला मूल तिथं नसतं.